इस्त्री केलेलं पुस्तक

नवीन जालन्यात स्टेशनच्या रस्त्याला माझं झेरॉक्सचं दुकान आहे आणि त्याला चिकटून बद्रीनाथची इस्त्रीची टपरी. मध्ये फक्त एक पत्रा. त्याच्या कोळशाची राख माझ्या कागदांवर येते, माझ्या मशीनची घरघर त्याच्या कानात जाते आणि त्यावरून आठवड्यातून एकदा तरी आमचं वाजतं. वाजतं म्हणजे मी बोलते आणि तो सदऱ्यावर पाणी शिंपडत राहतो. भांडायला समोरचा तयारच नसला की किती चीड येते, ते मला विचारा.

बद्रीनाथ मूळचा बदनापूरकडचा. घरचा धंदा धुण्याचा. दुसरीत असताना बाप अंथरुणाला खिळला आणि याची पाटी सुटली ती सुटलीच. दुकानांवरच्या पाट्या तो आजही एकेक अक्षर लावून वाचतो. बसवरचं ‘अंबड’ वाचून होईपर्यंत बस वळणावरून गेलेली असते.

पण त्याच्याकडे गिऱ्हाइकांची नोंद नाही, पावती नाही, आणि तरी आजवर एकाचा शर्ट दुसऱ्याच्या घरी गेलेला नाही. त्याचं कारण बिब्बा. बिब्ब्याचा काळा रस सुईच्या टोकावर घेऊन तो कॉलरच्या आत खूण करतो. एक ठिपका, दोन ठिपके, दोन ठिपक्यांखाली आडवी रेघ, तीन ठिपके तिरके. घराघराची खूण वेगळी, आणि कितीही धुवा, जात नाही. दोन भाऊ वेगळे राहायला लागले की धाकट्याच्या खुणेत एक ठिपका वाढतो. कुणाचं घर फुटलं हे गल्लीला कळायच्या आधी बद्रीनाथच्या सुईला कळतं, पण त्याच्या तोंडून शब्द निघेल तर शपथ. मी कितीदा खोदून विचारलंय. स्वतःच्या घरच्या कपड्यांना मात्र त्यानं खूण केलेली नाही. आपली आपल्याला कळतातच, म्हणतो.

त्याला आणि मीनाला लग्नानंतर खूप वर्षांनी मूल झालं, तेही दिवस भरायच्या आधी. ओंजळीत मावेल एवढी पोर. डॉक्टरांनी जगवली, पण डोळ्यांचा पडदा गेला. संभाजीनगर झालं, हैदराबाद झालं, सगळीकडून एकच उत्तर आलं. पोरीचं नाव अर्पिता. आता नऊ वर्षांची आहे. आवाज खणखणीत, आणि हट्टीपणात बापाला विकून खाईल. मीना बियाण्यांच्या कंपनीत पाकिटं भरायला जाते, म्हणून शाळा सुटली की अर्पिता टपरीत इस्त्रीच्या टेबलाखाली पोतं अंथरून बसते. तिथून ती रस्त्याची खबर ठेवते. कोणती रिक्षा कुणाची, कोणाच्या मोटरसायकलचा सायलेन्सर फाटलाय, मी दुकानात आज कुणावर डाफरले, सगळं तिला ठाऊक.

तिच्याकडे एक जुना फोन होता. फोन गोष्टी सांगायचा, पाढे म्हणायचा, किती वाजले ते बोलायचा. एकदा ऐकलं की हिचं पाठ. मागच्या वर्षी शाळेत वाचन प्रेरणा दिनाला प्रत्येक पोराला एकेक पान वाचायचं होतं. अर्पितानं फोनवर ऐकलेली अख्खी गोष्ट धडाधड म्हणून दाखवली. टाळ्या पडल्या. ती खाली उतरत होती तेव्हा वर्गातलीच एक पोरगी म्हणाली, हिनं वाचलं न्हाई, पाठ म्हणलं. पोरगी खोटं बोलली नव्हती आणि म्हणूनच ते जास्त लागलं. त्या दिवशी अर्पिता टेबलाखालून बाहेर यायलाच तयार नव्हती. पुढच्या वर्षी मी वाचणार, एवढंच तिनं बापाला सांगितलं, आणि बापानं मान हलवली. ती मान तिला दिसली नाही हे लक्षात आल्यावर मग तोंडानं हो म्हणाला.

नागसेन सर त्यानंतर आले. ते अपंग मुलांसाठीचे विशेष शिक्षक, मोटरसायकलवर शाळा शाळा फिरतात. आठवड्यातून एकदा अर्पिताच्या शाळेत आणि मग परत जाताना टपरीत. रस्त्यावरच्या शहाण्यांचं मत असं, की आता फोन बोलायला लागल्यावर त्या ठिपक्यांच्या लिपीच्या भानगडीत पडायचं कशाला? सर शांतपणे ऐकून घेत आणि विचारत, “तुमच्या पोराकडे फोन आहे ना? मग त्याचं लिहिणं-वाचणं बंद केलं का तुम्ही?” शहाणे आपल्या कपड्यांच्या घड्या उचलून चालते होत.

सरांनी पिशवीतून अंड्यांच्या ट्रेचा तुकडा काढला. दोन रांगा, सहा खळगे. त्यात गोट्या ठेवून ते अर्पिताची बोटं वरून फिरवत. पहिल्या खळग्यात एकच गोटी म्हणजे अ. गोटी वाढव, अक्षर बदललं. सगळी ब्रेल लिपी त्या सहा खळग्यांत. वर टेबलावर बद्रीनाथची इस्त्री थांबली. वाकून बघत तो म्हणाला, “ही तर खूण हाये.”

सर म्हणाले, खूणच आहे, फक्त घरांऐवजी अक्षरांची.

अंड्यांच्या ट्रेपासून कागदावरच्या मोहरीएवढ्या उंचवट्यांपर्यंत यायला अर्पिताला पुष्कळ महिने लागले. ती चिडायची, कागद भिरकावायची, फोन कानाला लावून बसायची. पण मग गमती व्हायला लागल्या. तिला इतके दिवस वाटत होतं, की एकेदिवशी नावाचा कुणी माणूस आहे आणि तो सगळ्या गोष्टींत पहिल्यांदा येतो. बोटाखाली ‘एके’ संपून मोकळी जागा आली आणि ‘दिवशी’ वेगळा लागला, तेव्हा ती टेबलाखाली इतकी हसली, की सीड कंपनीच्या साहेबाच्या पँटीला चुकीची घडी पडली. मी पत्र्यापलीकडून विचारलं, काय झालं गं? तर म्हणाली, मावशी, तो माणूसच न्हाई.

मग श्रावणात तिचं पहिलं पुस्तक आलं. असली पुस्तकं टपालानं फुकट येतात हे मला तेव्हा कळलं. पापडाच्या डब्याएवढं मोठं, जाडजूड, आणि आत एकाही पानावर शाई नाही. गोष्ट साधीच होती. गावाच्या विहिरीतला गाळ काढायचा ठरतो, आणि विहिरीतलं म्हातारं कासव काही केल्या बाहेर यायला तयार होत नाही. अर्पिता कासवाच्या रागावण्याच्या ओळीवर यायची, थांबायची, मागं जायची, पुन्हा रागावून घ्यायची. तीच ओळ, पुन्हा पुन्हा. फोनमध्येही मागं जाता येतं की, मी म्हटलं. ती म्हणाली, “फोन पळतो मावशी. ह्ये माझ्यासाठी थांबतं.”

मी झेरॉक्सवाली बाई. दिवसभर कागद माझ्या हाताखालून जातात. पण कागदावर असं कुणाला बसलेलं मी पाहिलं नव्हतं. डोळे भलतीकडे, मान थोडी वर, आणि दोन्ही हातांची बोटं ओळीवरून चाललेली, एक हात ओळ संपवतोय तोवर दुसरा पुढच्या ओळीची सुरुवात धरून बसलेला. मी एकदा पानावर बोट फिरवून पाहिलं, तर रवाळ लागलं, बस. त्यात विहीर होती, कासव होतं, सरपंच होता. मला नवल वाटायचं ते अजून ओसरलेलं नाही.

गणपती उठले आणि तो घोटाळा झाला. मी त्या दिवशी अंबडला बहिणीकडे गेले होते, नाहीतर माझ्या देखत हे घडलंच नसतं. संध्याकाळी मीना पोरीला घरी घेऊन गेली आणि पुस्तक टेबलाखालीच राहिलं. बद्रीनाथचा कपड्यांवर शिंपडायच्या पाण्याचा डबा कलंडला आणि सगळं पाणी पुस्तकावर. आता दुसऱ्या कुणी काय केलं असतं? उन्हात ठेवलं असतं. पण हा इस्त्रीवाला. ओली वस्तू आणि गरम इस्त्री समोर असताना याचे हात गप्प बसतील कसे? त्यानं पुस्तकाची पानं एकेक करून मोकळी धरली, वर मलमलचा फडका टाकला आणि बेतानं इस्त्री फिरवली. कुठं करपू दिलं नाही. पाण्यानं पानं फुगलीत असं त्याला वाटलं, म्हणून फुगवटा पार जाईपर्यंत दाबून फिरवली. शेवटचं पान झाल्यावर पुस्तक निम्म्या जाडीचं झालं होतं. त्याला ते फार सुबक वाटलं. कोऱ्या धोतरात गुंडाळून ठेवलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी अर्पिता शाळेतून आली आणि पुस्तक मागितलं. मी गल्ल्यावर होते. बद्रीनाथनं धोतर सोडून पुस्तक तिच्या मांडीवर ठेवलं आणि मला मोठ्या अभिमानानं सांगितलं, “भिजल्तं ताई. बराबर इस्त्री मारून ठिवलंय. बघा, एक चुणी न्हाई.” मी बघितलं आणि तशीच गल्ल्यावरून उठले. पण मी काही बोलायच्या आत अर्पिताची बोटं पानावर गेली होती. डावीकडून उजवीकडे. मग खाली. मग पान उलटून. ती काही शोधत असल्यासारखी पानभर हात फिरवत राहिली. मग हळू आवाजात म्हणाली, “बाबा, ह्यात काईच न्हाई.”

बद्रीनाथला ते समजायला वेळ लागला. समजलं तेव्हा पुस्तक घेऊन तो माझ्याकडे आला. ठिपक्यांचे पुसट डाग तिरप्या उजेडात अजून दिसत होते. ते दाखवून म्हणाला, ताई, ह्याची झेरॉक्स मारा, जल्दी मारा. झेरॉक्समध्ये उंचवटा येत नसतो हे मला माहीत होतं. तरी मी पान काचेवर ठेवलं, कारण त्याच्या तोंडाकडे बघून नाही म्हणवलं नाही. पांढरा कागद बाहेर आला, कोपऱ्यात थोडी राखाडी छटा. त्यानं तो हातात घेतला आणि उजेडाकडे तिरपा धरून पाहिला.

नागसेन सर रागावले नाहीत. दुसरी प्रत मागवतो म्हणाले, पण यायला दिवाळी उलटेल. शाळेतून निरोप आला, की वाचनाच्या दिवशी यंदाही अर्पितानं ऐकून म्हणून दाखवावं, मुलगी हुशार आहे, टाळ्या मिळतीलच. अर्पिता म्हणाली, “चालंल.” बापावर चिडली असती, रडली असती, तर बरं झालं असतं. या पोरीनं आजवर कशाला चालेल म्हटलं नव्हतं. तिनं कानात फोनची वायर घातली आणि पोत्यावर आडवी झाली. मला इतका राग आला होता, की कुणावर काढावा कळेना. शेवटी मी एका गिऱ्हाइकावर काढला.

पुढच्या आठवड्यात सर आले तेव्हा बद्रीनाथनं इस्त्री बाजूला ठेवली आणि विचारलं, ही खूण करायची सुई कुठं मिळते? सरांनी ब्रेलची पाटी दाखवली. लोखंडी चौकट, तिला बारीक खिडक्यांच्या रांगा, मध्ये कागद अडकवायचा आणि बोथट टोचणीनं एकेक ठिपका दाबायचा. सरांनी सांगितलं, की यात एक मेख आहे. ठिपका कागदाच्या पाठीमागून उठतो, म्हणून उजवीकडून डावीकडे आणि उलटं लिहायचं, मग पान पालथं केलं की सुलटं वाचता येतं. भल्याभल्यांचं डोकं फिरतं. बद्रीनाथ म्हणाला, पँट आपण उलटी करूनच इस्त्री करतो. सर पाटी त्याच्याकडेच ठेवून गेले.

मग आमच्या दुपारी सुरू झाल्या. कोणत्या अक्षराला कोणते ठिपके, ते पोरीचा अभ्यास वरून बघून बघून त्याला कधीच पाठ झालं होतं. कासवाच्या गोष्टीचं छापील पुस्तक सरांनी शाळेतून आणून दिलं. बारानंतर रस्ता थंडावतो तेव्हा मी पत्र्यापलीकडे स्टूल टाकून एकेक शब्द वाचायची आणि बद्रीनाथ टोचायचा. कागद जाड हवा. तो माझ्याकडे भरपूर होता. बियाण्यांच्या दुकानांतून दरवर्षी भिंतीवरची मोठाली कॅलेंडरं फुकट मिळतात, जुनी मी टाकत नाही. एका बाजूला कपाशीची बोंडं नाहीतर मक्याची कणसं, दुसऱ्या बाजूला आमचं कासव. बोटांना शाई दिसत नाही, त्यामुळे मार्च महिना मध्ये आला तरी बिघडत नव्हतं.

पहिली पानं टाकाऊ निघाली. काही ठिपके भोक पडून आरपार गेले, काही उठलेच नाहीत. तपासायला अर्पिता होती. सुरुवातीला ती वायर कानातून काढायलाही तयार नव्हती. बापानं पान मांडीवर ठेवलं की नाइलाजानं बोट फिरवायची आणि म्हणायची, वाचता येईना. मग एक दिवस म्हणाली, इथं विहीर पायजे, बाबा, तुम्ही भलतंच काई लिवलंय. मग वायर कायमची सुटली. टेबलाखालून तिचा हुकूम चालायचा आणि वर बाप गुमान नवं पान लावायचा. ज्या माणसानं माझी इतकी वर्षांची बडबड एका कानानं ऐकून दुसऱ्यानं सोडली, तो या पोरीपुढं शाळकरी पोरासारखा बसायचा.

त्याला स्वतःला मात्र बोटांनी वाचता आलं नाही. त्यानं प्रयत्न केला. डोळे मिटून आपल्याच पानावर बोट फिरवायचा. पण इस्त्रीनं त्याच्या बोटांची टोकं भाजून भाजून निबर झालीत, पेटता कोळसा तो चिमटीत उचलतो. “मला काईच लागंना ताई,” तो म्हणाला. “तिला कसं लागतं?” मग अर्पिताचा हात आपल्या हातात घेऊन तिच्या बोटाचं टोक कितीतरी वेळ बघत बसला. जसं काही त्यावर कुठं काही लिहिलेलं दिसेल. या माणसानं पोरीच्या डोळ्यांसाठी दवाखान्यांच्या किती पायऱ्या झिजवल्या ते मला माहीत आहे. तिच्या बोटांकडे त्या दिवशी पहिल्यांदा त्यानं असं पाहिलं. मीही पाहिलं, आणि मला गलबलून आलं.

हळूहळू त्याचा हात बसला. मी शब्द उच्चारते न उच्चारते तोच टोचणी चालायला लागायची, टकटक, टकटक. छापील अक्षरापुढं अडखळणारा माणूस ठिपक्यांत सरसर लिहायला लागला. मी त्याला चिडवायची, की आता गिऱ्हाइकांच्या कॉलरीवर त्यांची नावंच लिहीत जा.

वाचन प्रेरणा दिन ऑक्टोबरच्या पंधराला. त्या दिवशी सकाळपर्यंत शेवटचं पान राहिलं होतं. अर्पिता लवकर शाळेत गेली. मी शटर उघडताच स्टूल टाकलं आणि वाचायला बसले. अर्धं पान झालं, तेवढ्यात एक बाई आधार कार्डाच्या झेरॉक्ससाठी घाईघाईनं आली, म्हणून मला उठावं लागलं. परत आले तर टोचणी चालूच होती. मी म्हटलं, शब्द कुणी सांगितले तुला? तो म्हणाला, काई न्हाई, जरा नीट केलं. मी पुढं वाचलं, त्यानं पान संपवलं, आणि आम्ही दोघंही दुकानं बंद करून ते पान घेऊन शाळेत गेलो. बद्रीनाथनं त्या दिवशी स्वतःच्या सदऱ्याला इस्त्री केली होती. जगाचे कपडे कडक करणारा हा माणूस एरवी चुरगळलेलाच असतो, त्यामुळे मी त्याला दोनदा बघितलं.

पटांगणात मंडप होता, पोरं ओळीनं बसली होती. मी पुढं खुर्चीवर, मांडीत छापील पुस्तक. बद्रीनाथ मंडपाच्या खांबापाशीच थांबला, आत येईना. अर्पिताला नागसेन सरांनी टेबलापाशी नेलं. शेवटची दोन पानं तिनं वाचायची असं ठरलं होतं. शेवटच्या पानावर तिनं अजून एकदाही हात फिरवला नव्हता.

त्यातलं पहिलं पान तिनं झोकात वाचलं. कासव रागावलं तिथं अशी रागावली, की बारकी पोरं मागं सरकली. मग शेवटचं पान. बोटं चालली होती, आवाज चालला होता, आणि मी पुस्तकात ओळीला ओळ लावून बघत होते. पानाच्या मध्यावर ती एकदम हळू झाली. माझ्या पुस्तकातली ओळ तिच्या तोंडात नव्हती. ती एकेक शब्द लावत, मोठ्यानं, स्वच्छ वाचत होती.

“ह्ये पान अर्पिताच्या बापानं लिवलं हाये. ह्याला इस्त्री करू न्हये.”

मंडपात क्षणभर कुणाला काही कळलं नाही. मग मास्तरांपासून पोरांपर्यंत सगळे हसले. पाठ केलेल्या गोष्टीत हे वाक्य कुठून येणार? पुस्तकात ते नव्हतं, फोनमध्ये नव्हतं, मी उच्चारलं नव्हतं. जगात एकाच जागी होतं, मक्याच्या कणसाच्या पाठीमागं, आणि ते तिनं तिथून उचललं होतं. दुसरीत पाटी सुटलेल्या माणसानं आयुष्यात स्वतःच्या मनानं लिहिलेलं हे पहिलं वाक्य. ते त्याच्या पोरीनं वाचलं. मी इतकी वर्षं कागदांत घालवली, पण लिहिणं आणि वाचणं ही काय चीज आहे ते मला त्या मंडपात कळलं.

अर्पिता हसली नाही. तिची बोटं त्या ओळीच्या सुरुवातीला परत गेली आणि तोंड न उघडता तिनं ती ओळ पुन्हा वाचली, सावकाश, एकटीनं. खांबापाशी बद्रीनाथ मान खाली घालून सदऱ्याची बाही ओढत होता.

गोष्ट अजून अर्धं पान बाकी होती, कासव विहिरीत परत जायचं होतं. अर्पितानं पुढच्या ओळीवर बोट ठेवलं आणि ते वाचून संपवलं.